धागा : नऊ ते चार उन्हात फिरणाऱ्या माणसाच्या बाटलीत काय भरावं? (मुक्काम सोलापूर)

तापलेली_फरशी | २२ एप्रिल, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. सोलापूरकरांना उन्हाळ्याचं वर्णन ऐकवायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगते की सध्या आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंघोळीला घ्यायचं तर आधी बादलीत गार करत ठेवावं लागतं.

अडचण अशी आहे. नवरा विक्रीच्या कामाला आहे. आज मोहोळ, उद्या अक्कलकोट, परवा बार्शी, सगळं दुचाकीवर. सकाळी नऊला निघतो, चारच्या पुढे येतो. फ्रिजमधली बाटली दिली तर अकरापर्यंत तिचा काढा होतो. मग वाटेत दोन-तीन कोल्ड्रिंक होतात. घरी आल्यावर जेवण जात नाही, डोकं चढलेलं, आणि आठवडाभर रात्री पोटऱ्यांना गोळे येतायत.

घरी करून देता येईल असं काहीतरी सुचवा. तीनपर्यंत फ्रिजशिवाय टिकलं पाहिजे, फार गोड नको, आणि सकाळच्या गडबडीत दहा मिनिटांत झालं पाहिजे, कारण मीही नोकरी करते. सासूबाईंना साखर आहे, त्यांनाही चाललं तर दुधात साखर (म्हणजे साखर नकोच, पण समजून घ्या).

शोधून बघा असं सांगू नका. बघितलं. सगळीकडे काचेचा ग्लास, वर पुदिन्याचं पान आणि अर्धा ग्लास बर्फ. बार्शी रोडवर बर्फ कोण देणार?

---

चैत्रगौर | २२ एप्रिल, रात्री ९:४८

अगं, पन्हं! दुसरं काय? चैत्र चालू आहे, बाजारात कैऱ्यांचे ढीग लागलेत.

माझं प्रमाण लिहिते. अर्धा किलो कडक, आंबट कैरी. देठ कापून अर्धा तास पाण्यात टाकायची म्हणजे चीक निघून जातो. हे टाळलंत तर घशाला खवखव होते आणि दोष पन्ह्याला मिळतो. कुकरला तीन शिट्ट्या. गार झाल्यावर साल काढून गर कुस्करायचा, सालीला चिकटलेला गर चमच्यानं खरवडून घ्यायचा, त्यातच चव असते. गराच्या दीडपट गूळ, कैरी फार आंबट असेल तर दुप्पट. चमचाभर मीठ, वेलदोडा. केशर असलं तर घाला, नसलं तर अडत नाही. हा गर गुळासकट मंद आचेवर जरा आटवून बरणीत भरला की फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे राहतो. सकाळी दोन मोठे चमचे गर नि पाणी, दोन मिनिटांचं काम.

काही जण कैरी गॅसवर भाजून त्यात जिरेपूड, काळं मीठ, पुदिना घालतात. ते उत्तरेकडचं. वाईट नसतं, पण त्याला मी पन्हं म्हणणार नाही.

---

एसटीचा_प्रवासी | २२ एप्रिल, रात्री १०:०५

चैत्रगौर ताई, रेसिपी झकास. पण बाटलीत भरून उन्हात न्यायच्या आधी माझी कर्मकहाणी ऐका.

कॉलेजला असताना आईनं गुळाचं पन्हं करून प्लॅस्टिकच्या बाटलीत गच्च भरून दिलं. सोलापूर ते पुणे, लाल डबा, मे महिना, बॅग वरच्या फळीवर. टेंभुर्णीच्या अलीकडे वर ‘फट्’ असा आवाज झाला. खाली बसलेल्या आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर केशरी अभिषेक. आजोबा शांत होते. टोपी काढली, वास घेतला आणि म्हणाले, “चढलंय की हे.”

पुण्यापर्यंत मी त्यांच्याशेजारी उभा.

---

चैत्रगौर | २२ एप्रिल, रात्री १०:२०

हसून पुरेवाट झाली. पण त्यात तुमच्या आईचा दोष नाही. पाणी घातलेलं पन्हं टिकत नाही, गर टिकतो. सरबताचा पाक वर्षभर राहतो तो त्यात ६५ टक्क्यांच्या आसपास साखर असते म्हणून. तेवढ्या साखरेत यीस्टला जगता येत नाही. त्यात तीनपट-चारपट पाणी घातलं की तीच साखर यीस्टला मेजवानी. गुळाचं आणखी लवकर आंबतं. वरून ४०-४२ अंशांची ऊब. गॅस साठतो, बाटली फुगते.

म्हणून पन्हं न्यायचंच तर गर वेगळ्या छोट्या डबीत न्यावा आणि पिताना पाण्यात कालवावा. बाटलीत तयार भरलं तर बारा-एकच्या आत संपवा आणि वर चार बोटं जागा सोडा.

---

पूर्वभागवाला | २२ एप्रिल, रात्री १०:४१

काय करलालाव मंडळी. तेलुगू घरातलं सांगतो.

आमच्याकडे रामनवमीला पानकम होतं. कैरी नको, गॅस नको. लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम गूळ विरघळवायचा, गाळून घ्यायचा (गुळात खडा निघतोच), त्यात अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा मिरपूड, तीन-चार वेलदोडे, चिमूट मीठ, अर्धं लिंबू, असली तर तुळशीची पानं. पाच मिनिटांत झालं. जोडीला भिजवलेली मुगाची डाळ, तिला वडपप्पू म्हणतात. तुमची आंब्याची डाळ नि पन्हं, आमचं वडपप्पू नि पानकम, सख्ख्या बहिणीच म्हणा की. पन्हं हा शब्दसुद्धा ‘पानक’वरूनच आलाय.

पण ताई, खरं सांगू का, तुमच्या मालकांना पानकम देऊ नका. ते सणाचं आहे, गोड आहे. वडील तीस वर्षं यंत्रमागावर होते. पत्र्याच्या शेडमध्ये, सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, पंखा लावला तर रुई उडते. तिथं कुणी गोड प्यायचं नाही. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी त्यात ताक, मीठ, कांदा, हिरवी मिरची. चद्दन्नम म्हणतात. तो खाऊन जायचे आणि बरोबर मज्जिग, म्हणजे पातळ ताक, मीठ जरा जास्तच. बारा तास उभं राहून काम, पण पायात गोळे आल्याचं मी कधी ऐकलं नाही.

---

खारं_वारं | २३ एप्रिल, सकाळी ७:१०

रत्नागिरीहून हजेरी. कोकम कोणीच कसं काढलं नाही?

लोकांना फक्त गोड कोकम सरबत माहीत. तुम्हाला पाहिजे आहे ते आगळ. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालींना मीठ लावून काढलेला रस, साखर अजिबात नाही. मिठामुळे बाहेरसुद्धा महिनोन्‌महिने राहतं. लिटरभर पाण्यात तीन-चार चमचे आगळ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, की काम झालं. वेगळं मीठ घालू नका, आधीच आहे. तीनपर्यंत काय, संध्याकाळपर्यंत काही होणार नाही. सासूबाईंनाही चालेल, रक्तदाब असेल तर बेतानं.

आंबट आहे, तेव्हा तांब्या-पितळेच्या भांड्यात भरू नका.

---

शेंगाचटणी | २३ एप्रिल, सकाळी ७:३२

आमच्याकडे कोकम म्हणजे आमटीत पडतं ते वाळकं आमसूल, सरबत लग्नात. पण ही आयडिया लिहून घेतली.

सोलापुरात राहून सांगते, लिंबाच्या सरबताचं नाव कुणी घेतलं नाही ते बरंच. मे महिन्यात लिंबू बघायचं, हुंगायचं आणि परत ठेवायचं. मी फेब्रुवारीत स्वस्त असताना रस काढून त्याच्या दुप्पट साखर घालते आणि काचेच्या बरणीत आठवडाभर उन्हात ठेवते, साखर आपसूक विरघळते. पिळताना साल जोरात दाबायची नाही. सालीचं तेल उतरलं की चार दिवसांत सरबत कडू.

---

कडक_भाकरी | २३ एप्रिल, दुपारी १:५५

आत्ता रानातनं आलो. मंगळवेढ्याकडचा गडी आहे, सरबतातलं कळत नाही. पण ताईंनी जे मागितलंय, फ्रिज नको, गोड नको, पोटाला आधार आणि पायात गोळे नकोत, त्याला आमच्याकडं एकच नाव. आंबील.

चार चमचे ज्वारीचं पीठ, ताजं पाहिजे. जुन्या पिठाला कडवटपणा येतो आणि तो आंबलीत लपत नाही. रात्री वाटीभर आंबट ताकात गुठळ्या मोडून कालवा आणि झाकून वट्ट्यावर ठेवा. आपल्या हवेत सकाळपर्यंत मस्त आंबतं. सकाळी चार वाट्या पाणी उकळा, कालवलेलं पीठ त्यात सोडा नि हात थांबवू नका. हात थांबला की तळाला धरलं. आठ-दहा मिनिटांत पिठाचा कच्चा वास जातो. उतरवून गार झालं की आणखी वाटीभर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. पिण्यासारखं पातळ ठेवा, गार झाल्यावर ते घट्ट होतंच.

आधीच आंबवलेलं आहे, त्यामुळं दुपारपर्यंत थोडं अजून आंबट होईल, एवढंच. खुरपणीला बायका किटली भरून नेतात, कडुलिंबाच्या सावलीला ठेवतात, दोनला पितात. सालोसाल चाललंय.

आमची मालदांडी ज्वारी असेल तर उत्तमच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणून सांगतोय असं नाही. मिळालं नसतं तरी हेच सांगितलं असतं.

---

लातूरची_लेक | २३ एप्रिल, दुपारी २:३०

कडक_भाकरी दादा, आंबील म्हणजे येळवस! मार्गशीर्ष अमावस्या, शेतात कडब्याची खोप, भज्जी, उंडे आणि नव्या बिंदग्यातली (मडक्यातली) आंबील. ती हिवाळ्यातली गोष्ट. उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी करत नाही.

---

कडक_भाकरी | २३ एप्रिल, दुपारी २:४४

येळवशीची आंबील देवाची, उन्हाळ्यातली रानाची. देवाला वर्षातनं एकदा, आम्हाला रोज.

---

पूर्वभागवाला | २३ एप्रिल, दुपारी ३:०२

बरोबर बोललात. आमच्यात अंबली म्हणतात, अक्कलकोटकडचे कन्नड लोकही अंबलीच म्हणतात. नाचणीची केली की रागी जावा. सोलापुरात एकाच गल्लीत तीन भाषांत आंबील मिळेल बे, आणि तिन्ही घरं सांगतील की मूळ आमची.

---

औषधवाला | २३ एप्रिल, रात्री ८:१५

माझं औषधाचं दुकान आहे. तापलेली_फरशी ताई, तुमच्या पोस्टमध्ये मला खटकलं ते गोळे येणं. बाकी सगळे चवीबद्दल बोलतायत.

घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. आपली हवा कोरडी, घाम लगेच उडून जातो, शर्ट ओला होत नाही, त्यामुळे किती गेलं ते कळतच नाही. मुंबईत माणूस निथळतो म्हणून त्याला समजतं. दिवसभर नुसतं पाणी आणि कोल्ड्रिंक प्यायलं तर पाणी भरून निघतं, मीठ निघत नाही. मग स्नायू आखडतात. पूर्वभागवाल्यांचे वडील ताकात मीठ जरा जास्त घालायचे, त्याचं कारण हेच.

साखर पूर्ण वाईट असंही नाही. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी. जलसंजीवनी (ओआरएस) त्यावरच चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं, त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम साधं मीठ, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. सगळं एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असलं काही नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आता याची कोल्ड्रिंकशी तुलना करा. लिटरमागे साखर शंभर ग्रॅमच्या आसपास, मीठ नावाला. म्हणून ते पिऊन तहान भागत नाही आणि भूक मात्र मरते.

दोन गोष्टी. जलसंजीवनी हे रोजचं सरबत नव्हे, जुलाब-उलट्या झाल्या किंवा फारच घाम गेला तर घ्यायचं. आणि तशाच नावानं फळांच्या चवीची गोड पेयं डब्यात विकली जायची, २०२५ मध्ये ते नाव बंद झालं; ती वेगळी. पाकिटावर संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. माझ्याच दुकानात लोक खोका बघून मागतात, मला रोज समजवावं लागतं.

आणि कुणी उन्हात बरळायला लागलं, तोल गेला, शुद्ध हरपली, तर तोंडात काहीही ओतू नका. पन्हं नाही, पाणीसुद्धा नाही. सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन. तो उष्माघात, तिथं स्वयंपाकघराचं काम संपलं.

---

बिनसाखर | २३ एप्रिल, रात्री ८:५०

मधुमेहींच्या वतीनं. गूळ साखरेपेक्षा ‘चालतो’ हे कोणी पसरवलं देव जाणे. आमच्या रक्ताला त्यातला फरक कळत नाही. गुळाचं पन्हं पिऊन मी एकदा स्वतःच्या मशीनवर २८० बघितलंय.

मी दुपारी पातळ ताक घेतो, त्यात चमचाभर भिजवलेला सब्जा. पंधरा मिनिटांत फुगतो, जास्त वेळ लागत नाही. सासूबाईंना आंबील द्यायला हरकत नाही, पण ती ज्वारी आहे हे विसरू नका. आंबील प्यायली की जेवणातली भाकरी तेवढी कमी. आंबील वर, भाकरी आहे तेवढीच, वर ‘पेयच तर आहे’, हा हिशेब आमच्या घरात रोज चालतो म्हणून सांगतोय.

---

डाळिंबदाणा | २३ एप्रिल, रात्री ९:२०

सांगोल्याचा आहे, त्यामुळे डाळिंबाचं नाव न घेता धागा पुढं जाऊ देणार नाही. हस्त बहाराचं (पावसाळा सरताना फुलोरा धरलेलं) फळ आत्ता बाजारात आहे. आंबे बहाराचं (हिवाळ्यात फुलोरा धरलेलं) डाळिंब जून-जुलैला येईल. भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये गर्रकन फिरवू नका. एक-दोनदा नुसतं चालू-बंद करायचं. दाण्यातली बी फुटली की रस तुरट होतो आणि मग लोक म्हणतात सोलापूरचं डाळिंब पूर्वीसारखं राहिलं नाही. रस गाळून सैंधव, जिरेपूड, बस्स.

बाटलीत नेण्याचं नाही हे, मान्य. घरी आल्यावर द्या. आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आपल्याकडं, २००५ पासून. एवढं असून सोलापूरकर पाहुण्याला डब्यातला रस देतो, हे दुःख आहेच.

---

शेंगाचटणी | २३ एप्रिल, रात्री ९:२७

डाळिंबदाणा, दुःख भावाचं आहे हो, दाण्याचं नाही :)

---

जुना_चालक | २४ एप्रिल, सकाळी ६:०५

चौतीस वर्षं ट्रक चालवला, आता घरी बसून तुमचं वाचतो. सगळे बाटलीत काय भरायचं ते सांगतायत. बाटलीचं कोण बघणार?

आमच्या वेळी फ्रिज नव्हता, थर्मास परवडत नव्हता. गाडीच्या पुढं छागल टांगलेली असायची. जाड कॅनव्हासची पिशवी, तोंडाला लाकडी बूच. नवी असताना गळते, मग धागा फुगतो आणि नुसती पाझरते. बाहेरून ओली, त्यावर गाडीचा वारा. हैदराबाद रोडला उमरग्यापर्यंत गेलो की पाणी माठासारखं. जितकी लू जास्त, तितकं पाणी गार. उभी गाडी असली की मात्र काही होत नाही.

माठाचंही तेच. पाझरतो, पाणी उडून जातं, जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्या कोरड्या हवेत माठ जसा चालतो तसा कोकणात चालत नाही. रत्नागिरीकरांनी राग मानू नये, तुमच्याकडं आगळ आहे, आमच्याकडं कोरडा वारा.

तर ताई, छागल मिळाली नाही तरी सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. छोटा टर्किश टॉवेल पाण्यात पिळून बाटलीभोवती घट्ट गुंडाळा, दोन रबर लावा, गाडीच्या हँडलच्या हुकाला बाहेर अडकवा. डिकीत अजिबात नाही, डिकी म्हणजे भट्टी. टॉवेल वाळला की कुठल्याही नळावर भिजवायचा. प्लॅस्टिकपेक्षा स्टीलची साधी बाटली घ्या, थर्मास नको, थर्मासला टॉवेलचा उपयोग नाही.

---

खारं_वारं | २४ एप्रिल, सकाळी ८:१०

राग कशाला काका. आमचा माठ मे महिन्यात नुसता शोभेला असतो, हे खरंय. आतलं पाणी आणि बाहेरची हवा दोघंही घामाघूम.

---

एसटीचा_प्रवासी | २४ एप्रिल, सकाळी ९:००

जुना_चालक काका, हे आधी कोणी सांगितलं असतं तर त्या आजोबांची टोपी वाचली असती.

बर्फाबद्दलही एक. रस्त्यावरच्या सरबतात लादीचा बर्फ फोडून घालतात, तो बहुतेक मासे-भाजी गार ठेवायचा असतो. अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम राज्यात २०१८ ला आला. निळा दिसला तर पिऊ नका. पांढरा दिसला तर तो कुठल्या पाण्याचा, हे मात्र आपणच ठरवायचं. मी एका मेमध्ये पांढऱ्यावर विश्वास ठेवून आठ दिवस घरी होतो.

---

तापलेली_फरशी | २४ एप्रिल, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. आज पहिला प्रयोग झाला, अहवाल देते.

काल रात्री कडक_भाकरी दादांच्या प्रमाणानं पीठ कालवलं. सकाळी शिजवताना दूधवाल्यानं बेल वाजवली, हात थांबला, तळाला धरलं. तुम्ही सांगितलं होतं, तरी. वरची काढून घेतली, जरा जळका वास होता. लसूण दादांच्या शब्दावर भरपूर. बाटलीला ओला टॉवेल, हँडलला.

नवरा संध्याकाळी तीन चतुर्थांश आंबील परत घेऊन आला. म्हणे, गार होती, खरंच गार होती, पण मोहोळमध्ये दुकानदाराशी बोलायला तोंड उघडलं की तो दोन पावलं मागं सरकत होता. विक्रीच्या माणसाला लसूण कसा चालणार? हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

उरलेली सासूबाईंनी संपवली. आणि मग सांगितलं की लहानपणी त्या रोज प्यायच्या. सतरा वर्षं झाली माझ्या लग्नाला, एकदा बोलल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, “तुला गरिबाचं वाटलं असतं.”

---

चैत्रगौर | २४ एप्रिल, रात्री १०:५२

काय बोलू. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं लागतं म्हणून मी पन्हंच सुचवलं. आमच्या घरात आंबील फक्त कामाला येणाऱ्या बायकांसाठी व्हायची, वेगळ्या पातेल्यात. आम्हा मुलींना चाखायला मिळायची नाही. ह्या वयात उद्या करून बघते.

---

कडक_भाकरी | २५ एप्रिल, सकाळी ५:४०

ताई, लसूण माझी चूक. रानात कुणाशी बोलायचं नसतं. लसणाऐवजी आल्याचा तुकडा ठेचून घाला आणि जिरं भाजून. तळाला धरू नये म्हणून जाड बुडाचं पातेलं, आणि दूधवाल्याला थांबू द्या.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

पूर्वभागवाला | २५ एप्रिल, सकाळी ९:१२

आणि एक दिवस आंबील, एक दिवस आगळ, एक दिवस मज्जिग असं फिरवा. रोज एकच दिलं की चौथ्या दिवशी माणूस परत कोल्ड्रिंकवर जातो. अनुभव आहे.

पोरांसाठी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. कलिंगडाचा रस गाळून, मीठ-लिंबू घालून कुल्फीच्या साच्यात गोठवला की बर्फाच्या गोळ्याचा हट्ट निम्मा कमी होतो. पूर्ण नाही.

---

तापलेली_फरशी | २९ एप्रिल, रात्री ९:४०

उशीर झाला, लग्नसराईत अडकले होते.

आल्याची आंबील चालली. बाटली रिकामी येतेय. शुक्रवारी मंगळवार पेठेत आगळ मिळालं, ते बार्शीच्या दिवशी देते, कारण तो पल्ला लांबचा. ताक मात्र आम्हाला जमलं नाही. टॉवेल असूनही दोनला फार आंबट होतं. रात्री उशिरा, कमी विरजण घालून लावलेलं गोड दही घ्यायचं असं सासूबाई म्हणतात, उद्या बघू. आता पाककृतीचा कारभार त्यांच्याकडे गेलाय. काल त्यांनी मला विचारून न विचारल्यासारखं करून दीड किलो ज्वारी दळून आणली.

चार रात्री गोळे आले नाहीत. पारा काल ४३ होता. ह्यामुळेच की काय ते औषधवाले दादाच सांगतील.

जुना_चालक काका, एक विचारायचं होतं. नवरा छागल पाहिजेच म्हणून मागे लागलाय. टॉवेल बघून अक्कलकोटच्या एका दुकानदारानं त्याला ‘काय ओ, गाडीला ताप आलाय का’ म्हणून विचारलं. सोलापुरात कुठं मिळेल?

---

जुना_चालक | ३० एप्रिल, सकाळी ६:००

ताडपत्री आणि दोर विकणाऱ्या जुन्या दुकानांत विचारा. नवी नसली तर ताडपत्रीवाला जाड कॅनव्हास घेऊन शिवून देईल. मेण लावलेला कॅनव्हास घेऊ नका, तो पाझरत नाही. पहिले दोन दिवस पाण्याला कापडाचा वास येतो. भरून रात्रभर टांगा, सकाळी ओतून द्या. तिसऱ्या दिवशी प्यायला घ्या.

आंबील तिच्यात भरू नका. फक्त पाणी. आंबील भरलेली छागल आमच्या क्लीनरनं एकदा धुतली होती, अजून शिव्या देतो.